पंचवीसवर थांबलेला काटा

१

"ब्रेक लागत नाही असं नाही," भाऊजी म्हणाले. "फक्त जरा पाय द्यावा लागतो."

जरा म्हणजे किती, ते मी नुकतंच बघितलं होतं. गॅरेजच्या दारात ट्रक थांबवताना हे गृहस्थ दोन्ही पाय पेडलवर रोवून सीटवरून चक्क उभे राहिले होते. तरी बंपर माझ्या लोखंडी टेबलापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. मग त्यांनी चावी फिरवली, आणि इंजिन बंद होईपर्यंत मी नऊ मोजले.

"आणि हे? चावी फिरवली तरी इंजिन चालूच राहतंय. कधीपासून?"

"म्हातारी आहे रे गाडी. एवढं तेवढं चालायचंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढं तेवढं! परवा सकाळी याच ट्रकमध्ये घरभराचं सामान भरून माझी ताई पुढच्या सीटवर बसणार होती. भाऊजींनी कुणाला न विचारता घाटाखालच्या डेपोत बदली मागून घेतली होती. घाटाला सतरा वळणं आहेत आणि अकराव्या वळणाला कठडा नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ताई पंधराची. माझ्या शर्टाची बटणं तिने लावली, माझ्या तापात ती जागली, आणि शाळेने हात टेकल्यावर मला याच गॅरेजात हाताला धरून तिनेच आणून बसवलं. माझं चाललं असतं तर ती सीट मी रिकामी पाठवली असती. पण माझ्या हातात ताई नव्हती, फक्त ब्रेक होते.

"उद्या संध्याकाळी गाडी मिळेल," मी म्हणालो. "आता तुम्ही जा."

या माणसाला मला 'तुम्ही' म्हणावं लागतं, हा नात्याचा जाच आहे.

२

पेडल दगडासारखं घट्ट आणि इंजिन बंद व्हायला नाखूष, ही दोन लक्षणं जुन्या डिझेल गाडीत एकत्र दिसली की आजार एकच. व्हॅक्यूम कमी पडतोय. डायनॅमोच्या पाठीशी मुठीएवढा पंप असतो, तो हवा ओढत राहतो. ती ओढ पाइपातून ब्रेकच्या बूस्टरपर्यंत जाते, आणि तिच्या जोरावर पायाच्या एका दाबाने भरलेला ट्रक थांबतो. चावी फिरवल्यावर इंजिनाचं डिझेल तोडते तीसुद्धा तीच ओढ. ती नसली तर मग तुम्ही आणि तुमचे गुडघे.

पंप उघडला. पाती झिजली होती, नवी टाकली. तेलाची नळी साफ केली. ओढ मोजायचं गेज थेट पंपाला लावून इंजिन सुरू केलं, तर काटा वीस सेकंदांत पंचवीसवर गेला आणि तिथे बारीक थरथरत राहिला. असंच हवं. पंप चांगला असला की काटा थरथरतो, कारण खाली काहीतरी फिरत असतं.

मग बूस्टरकडे जाणारा पाइप जोडला आणि काटा चौदावर आला.

म्हणजे पुढे कुठेतरी हवा आत शिरत होती. अशा वेळी एकच रस्ता, एकेकाला वेगळं काढून तपासायचं. बूस्टर वेगळा तपासला, तासभर ओढ धरून राहिला. वाटेतला व्हॉल्व बदलला. पाइप जुना होता म्हणून तोही नवा कोरा टाकला, क्लिपा नव्या टाकल्या. एकेकटा जो तो साधू. सगळे एकत्र बसवले की दरोडेखोर. काटा पुन्हा चौदावर.

पाइपाच्या कडेने सिगारेटचा धूर फिरवून पाहिला. गळती असेल तिथे धूर आत ओढला जातो. धूर सरळ वर गेला. मी सिगारेट ओढत नाही. ती भाऊजींच्या पाकिटातली, केबिनमध्ये पडलेली. त्या धुराचासुद्धा मला राग आला.

३

शेवटचा उपाय कानाचा. माझ्याकडे हातभर लांबीची रबरी नळी आहे. तिचं एक टोक कानात घालायचं आणि दुसरं पाइपाजवळ फिरवत जायचं. गळती असली की सूं असा आवाज येतो. डॉक्टरांचं आणि आमचं इथे एकच काम. फक्त आमचा पेशंट जास्त खोटं बोलतो.

केबिनच्या पत्र्याजवळ, जिथे पाइप आत शिरतो त्याच्या चार बोटं अलीकडे, मला आवाज आला. तो सूं असा नव्हता. तो एका खोलीचा आवाज होता.

खोलीचा म्हणजे काय, ते घर बदललेल्या कुणालाही विचारा. सामान हलवल्यावर खोली जशी ऐकू येते, तशी. कुठेतरी खिडकीची कडी चौकटीवर आपटत होती. एकदा आपटली, मग बराच वेळ गप्प, मग दोनदा. त्यानंतर कुणीतरी नळ सोडला. नळाने दोन ढेकर दिले आणि पाणी आलं. कुणीतरी तो बंद केला. मग पत्र्यावर अनवाणी पावलं वाजली, सावकाश. तीन पायऱ्या, आणि थांबली.

मी इंजिन बंद केलं. आवाज गेला. सुरू केलं, पुन्हा खोली. शेजारच्या शिंप्याचा रेडिओ असेल म्हणून बाहेर जाऊन आलो, तर त्याच्या दुकानाला कुलूप होतं. माझे कान तीस वर्षं इंजिनांत गेलेत, ते फसवत असतील, असंही म्हणून झालं. मग नळी चार बोटं सरकवली, फक्त पाइपाची घरघर. परत जागेवर आणली, खोली. आणि तिथे पाइप नवा होता. सकाळी मीच पाकिटातून काढलेला. त्याला भोक पाडायला अजून कुणाला वेळसुद्धा मिळाला नव्हता.

तीस वर्षांत मी मशिनला घाबरलो नाही. त्या दिवशीही घाबरलो नाही, असं मी स्वतःला ठणकावून सांगितलं आणि पान्हा इतक्या जोरात टेबलावर आपटला की टेबलाच्या रंगाचा टवका उडाला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई डबा घेऊन आली. तिने तोंडाने फुंकून स्टूल साफ केलं आणि बसली.

"चिमण्या, आधी दोन घास खाऊन घे. तुझं तोंड बघ कसं झालंय."

मी सहा फूट उंच आहे, माझ्या हातावर केसांचं रान आहे, आणि गिऱ्हाइकांसमोर ती मला चिमण्या म्हणते. एरवी मी चिडतो. त्या दिवशी बरं वाटलं.

"घर पाहिलंस का तू तिथलं?" मी विचारलं.

"एकदाच. छान आहे रे. जरा अंधारं आहे, पण मोठं. खिडकीची एक कडी सैल आहे, ती तू येशील तेव्हा बसवून दे. आणि नळाची गंमत सांगू? सोडला की आधी दोनदा ढेकर देतो, मगच पाणी. हे म्हणाले, जेवून उठलाय नळ."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"जिना आहे?"

"माळ्यावर जायला. पत्र्याचा. तुला कुणी सांगितलं?"

"कोण राहतं तिथे आता?"

"कोण राहणार? दोन वर्षं कुलूप आहे." तिने पर्समधून किल्ली काढून दाखवली. लांब दांड्याची, काळी पडलेली. "एकच किल्ली आहे, ती ही."

मला सगळं सांगायचं होतं. पण सांगणार काय? ताई, ट्रकच्या पाइपात तुझं घर ऐकू येतंय? मीच ऐकणाऱ्याच्या जागी असतो तर सांगणाऱ्याला थंड पाणी पाजलं असतं.

"या ट्रकने नको जाऊस," एवढंच म्हणालो.

"मग कपाट काय डोक्यावरून नेऊ?" ती उठली. दारातून मागे वळून म्हणाली, "यांच्यावरचा राग गाडीवर काढू नकोस रे. माझं काय चुकलं त्यात?"

हे तिने म्हणायला नको होतं. कारण राग होताच, आणि काढायला जागा नव्हती.

५

आता माझ्या हातून जी चूक झाली ती सांगतो. आमच्या धंद्यात ती सगळ्यांच्याच हातून होते. आम्ही गाडीशी बोलतो. शिव्या देतो, लाडीगोडी लावतो, धमक्या देतो. ज्याच्याशी दिवसभर झोंबायचं त्याच्याशी बोलल्याशिवाय हात चालत नाहीत, आणि गाडी उलट उत्तर देत नाही हे माहीत असतं.

ताई गेल्यावर मी इंजिन सुरू केलं. गेज पाइपात जोडलेलंच होतं, काटा चौदावर. नळी कानाला लावली. पावलं जिन्याच्या चौथ्या पायरीवरून खाली उतरली आणि फरशीवर आली. आता ती जवळ वाटत होती.

माझा तोल सुटला. कानातलं टोक काढून मी तोंडाला लावलं आणि ओरडलो, "कोण आहेस रे तिथे, भिकारड्या? माझ्या बहिणीच्या घरात काय करतोस? उद्या ती येणार आहे तिथे. या गाडीने येणार आहे. तू अशीच ओढ चोरत बसलास तर ब्रेक लागणार नाही, आणि ती घरी पोचायच्या आधी दरीत जाईल. कळतंय का?"

ओरडून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. रागावलेला माणूस काय काय बोलतो.

मग गेजकडे लक्ष गेलं. काटा उठत होता. चौदा, सतरा, एकवीस. पंचवीस.

मी कशालाही हात लावलेला नव्हता. नळी पुन्हा कानाला लावली. खोली गेली होती. कडी नाही, नळ नाही, काही नाही. फक्त एक आवाज, अगदी पलीकडच्या टोकाशी, ओलसर आणि बारीक. तो मी ओळखतो. व्हॅक्यूम चालू असताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की कातडी आत ओढली जाते, तेव्हा येतो तो. दिवसातून दहा वेळा मी तेच करतो.

तिकडून कुणीतरी भोकावर अंगठा ठेवला होता.

६

संध्याकाळी भाऊजींनी ट्रक पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर नेला. मी शेजारी बसलो होतो. उतार संपता संपता त्यांनी पेडलला पायाचा नुसता अंगठा लावला आणि गाडी लोण्यात सुरी रुतावी तशी थांबली. चावी फिरवली, इंजिन जागच्या जागी गप्प.

"वा मिस्त्री! म्हातारीला नवरी केलंस की!" त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "आणि इतका वेळ लागेल, अवघड आहे, काय काय बोलत होतास. काय निघालं शेवटी?"

"काहीच निघालं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी काही दुरुस्त केलेलं नाही. जे आपण दुरुस्त केलं नाही, ते दुरुस्त झालेलं नसतं. गाडी नेऊ नका."

"ब्रेक लागला तरी तुझी कटकट, नाही लागला तरी कटकट." ते हसले. "सरळ सांग ना, बहीण लांब जातेय म्हणून पोटात दुखतंय."

दुखत होतंच. त्यांच्या हसऱ्या तोंडावर एक ठेवून द्यावी असं वाटलं, आणि नात्याने माझा हात धरून ठेवला.

७

सकाळी दहाला ट्रक गॅरेजसमोर आला. हौद्यात कपाट, पलंग, गाद्यांच्या वळकट्या, उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांचे पाय, सगळं दोरीने आवळलेलं. ताई नवे कपडे घालून पुढच्या सीटवर बसली होती. निरोप घ्यायला थांबली होती.

"पाच मिनिटं द्या," मी म्हणालो. "तेल बघतो."

गाडी आत घेतली, बॉनेट उघडलं. गेज अजून पाइपातच होतं. इंजिन चालू होतं आणि काटा पंचवीसवर होता. मी वाकून निरखून पाहिलं. काटा थरथरत नव्हता. इंजिन धडधडत होतं, बॉनेट हलत होतं, माझे दात हलत होते, आणि तो काटा काचेवर चितारल्यासारखा स्थिर होता. पंपाने धरलेला काटा असा राहत नाही. त्याला दुसरंच कुणीतरी धरून बसलं होतं.

आता मला ते सरळ दिसलं. पलीकडचं जे काही होतं ते ताईला सुखरूप खाली नेणार होतं. सतरा वळणं, अकराव्यासकट. काळजी घेऊन, अंगठा जराही न हलवता. तिला दारापर्यंत आणणार होतं. आणि तिचं येणं त्याला कुणी कळवलं होतं? मी. माझ्या या तोंडाने.

मी इंजिन बंद केलं. पंपाचे दोन बोल्ट काढले, पाइप सोडवला, पंप गरम होता तसाच टेबलावर नेला आणि घणाने फोडला. पहिल्या घावाला कान तुटला, दुसऱ्याला पोट फुटलं, परवाच बसवलेली पाती फरशीवर उडाली. मी आणखी चार घाव घातले. गरज नव्हती. मला ते घालायचेच होते.

"अरे, वेड लागलं काय तुला?" भाऊजी धावत आले. त्यांनी माझी कॉलर पकडली. "मुद्दाम! मुद्दाम केलंस तू हे!"

"हो, मुद्दाम! तुम्हाला काल तोंडाने सांगितलं, कळलं नाही. आता कळतंय?"

"दुसरी गाडी मागवीन मी! आत्ता! तू कोण अडवणारा?"

"मागवा! तीही फोडीन!"

ताई खाली उतरली. ती आमच्यामध्ये येऊन उभी राहिली आणि तिने भाऊजींचा हात माझ्या कॉलरवरून सोडवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज करडा होता. लहानपणी मी खोटं बोललो की ती असंच बोलायची.

"काय झालंय ते मला सांग. सगळं. आत्ता."

मी सांगितलं. नळ, कडी, जिना, अंगठा. माझं ओरडणंही सांगितलं. भाऊजी मध्येच "हा बघ, हा बघ" करत होते.

८

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तो पंप फुटला. इंजिन बंद आहे. आता तर काही येणार नाही ना?"

"नाही. आता ओढ नाही. काहीच नाही."

"मग मी ऐकते. तुझ्या समाधानासाठी. काही ऐकू आलं नाही तर आपण तिघं चहा पिऊ, तू नवा पंप बसवशील आणि मला हसत निरोप देशील. कबूल?"

मला नाही म्हणायचं होतं. पण ती मला समजून घेत होती, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी. मी मान हलवली.

तिने नळी उचलून एक टोक कानात घातलं आणि मी दाखवलं तिथे दुसरं पाइपाशी धरलं. तेवढ्यात मला टेबलावरचं फडकं दिसलं. पंप काढताना सोडवलेला पाइप टेबलाच्या कडेवर लोंबत होता, तोंड उघडं. त्याच्याजवळ पडलेल्या फडक्याचा कोपरा हलला. वाऱ्याने असेल. फडकं थोडं सरकलं. बूस्टरमध्ये जुनी ओढ उरली असेल, मी मनाशी म्हणालो, पण पाइप उघडा होता, ती कधीच संपायला हवी होती. फडकं टेबलावरून घसरत गेलं आणि पाइपाच्या तोंडाला चिकटून बसलं. त्याचा मधला भाग हळूहळू आत जाऊ लागला.

पंप माझ्या पायाशी तुकडे होऊन पडला होता. आता तिकडून कुणीतरी ओढत होतं.

"ताई, सोड ते!"

तिने हात वर करून मला गप्प केलं. डोळे मिटून ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणी वडीलधारं माणूस बोलत असताना आपण ओठांवर आणतो ना, तसं अदबीचं, थोडं अवघडलेलं हसू होतं. ती दोनदा "हो" म्हणाली. एकदा "नाही नाही, तसं काही नाही" म्हणाली.

"कोण आहे?" भाऊजींचा आवाज फुटला होता. "काय म्हणतायत?"

ताईने नळी कानापासून दूर केली आणि आमच्याकडे पाहिलं.

"गाडी बिघडली असेल तर राहू दे म्हणतायत," ती म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेता, म्हणे. आम्हीच येतो तिकडे."

तिच्या हातातली नळी मी हिसकावून घेतली आणि भर उन्हात गॅरेजचं शटर खाली ओढलं.